जनगणना आणि प्रतिनिधित्व : महाराष्ट्रातील बौद्धांचा ऐतिहासिक अनुभव

लोकसंख्येतील बदलाची कारणे तीन सांगितली जातात : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. ही मीमांसा चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. राज्यसंस्था माणसे मोजते तेव्हा त्यांना काही नाव देऊन, कोणत्या तरी वर्गात घालून मोजते. नाव कोणते द्यावयाचे आणि त्या नावाबरोबर कोणते हक्क जोडावयाचे, हा राजकीय निर्णय असतो. म्हणून एखादा समाज एकही मूल अधिक न जन्मता दहा वर्षांत प्रचंड वाढू शकतो आणि दुसरा एकही मृत्यू अधिक न होता निम्म्यावर येऊ शकतो.

हे विधान अतिशयोक्त वाटेल. परंतु आपल्याच राज्यात ते शब्दशः घडले आहे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. त्याच जनगणनेत राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण ५.६ टक्के इतके खाली आले. पुढे १९६२ च्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी असलेल्या ३३ राखीव जागा १९६७ मध्ये १५ वर आल्या. माणसे तीच होती, वस्त्या त्याच होत्या, त्यांची गरिबी आणि त्यांच्यावरील बहिष्कार यांतही फारसा फरक पडला नव्हता. बदलला होता तो जनगणनेतील रकाना.

धम्मदीक्षेच्या आध्यात्मिक व सामाजिक परिणामांची चर्चा आपल्याकडे विपुल झाली आहे. तिच्या या संख्यात्मक व घटनात्मक परिणामांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

१. संख्येच्या राजकारणाची पूर्वपीठिका

अस्पृश्यांची गणना हा प्रश्न राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाबरोबरच जन्माला आला. १९०६ साली आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम शिष्टमंडळ सिमला येथे व्हाइसरॉय मिंटो यांना भेटले. जे वर्ग हिंदू म्हणून मोजले जातात, परंतु वास्तविक हिंदू नाहीत, ते वगळून प्रमाण पाहिले जावे, असा मुद्दा त्या निवेदनात होता. पुढे १९१० साली जनगणना आयुक्त गेट यांनी परिपत्रक काढून हिंदू म्हणविणाऱ्यांपैकी कोणत्या जातींना मंदिरप्रवेश नाही, कोणत्या जातींचे पौरोहित्य ब्राह्मण करीत नाहीत, कोणाचा स्पर्श विटाळ मानला जातो, अशा कसोट्या सुचविल्या. अस्पृश्यांचे वेगळेपण गावगाड्यात शतकानुशतके नांदत होतेच. कागदावर ते प्रथमच ठळकपणे उमटू लागले. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात या कसोट्यांची दखल घेतली आहे.

प्रौढ मताधिकाराची आणि राखीव जागांची शक्यता जवळ आली, तेव्हा या संख्येवरून उघड संघर्ष सुरू झाला. १९३२ साली लोथियन समितीपुढे प्रांतोप्रांतीच्या समित्यांनी अस्पृश्यांची जी संख्या सांगितली, ती पाहून बाबासाहेब थक्क झाले. संयुक्त प्रांतात एक कोटीहून अधिक मानली जाणारी संख्या तेथील प्रांतिक समितीने सुमारे ६ लाखांवर आणली. बंगालमध्येही कोटीच्या घरातील संख्या सुमारे ७० हजार सांगण्यात आली. एरवी विहिरीवर, शाळेत आणि देवळाच्या पायरीशी ज्यांना अस्पृश्य म्हणून अडविले जात होते, ते जागावाटपाची वेळ येताच अस्पृश्य उरले नाहीत. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी आपले स्वतंत्र टिपण जोडून या घटीला विरोध केला. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी ‘बहिःस्थ जाती’ या नावाखाली देशभरातील ही संख्या ५ कोटींच्या आसपास नोंदविली होती. पुढच्या संघर्षात हा आकडा मोठा आधार ठरला.

या प्रकरणातून निघणारा धडा स्पष्ट आहे. संख्येवर हक्क अवलंबून नव्हते तोवर अस्पृश्य किती, याची कोणाला फिकीर नव्हती. ते अवलंबून राहू लागताच संख्या हेच रणक्षेत्र झाले.

२. १९३६ : एक भाषण आणि एक आदेश

येवल्याची घोषणा १९३५ ची. त्यानंतर मे १९३६ मध्ये मुंबईत भरलेल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची सविस्तर मीमांसा केली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या भाषणात त्यांनी एका व्यावहारिक शंकेला उत्तर दिले आहे : धर्म सोडला तर राजकीय हक्कांचे काय होणार? राजकीय संरक्षणे ही कायमची नसतात, केवळ त्यांच्यावर विसंबून समाजाने आपले भवितव्य बांधू नये, आणि त्या भीतीने धर्मांतर थांबवू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. समाज जिकडे जाईल तिकडे त्याचे संख्याबळही जाते, ही जाणीवही त्या विवेचनामागे आहे.

त्याच वर्षी निघालेल्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात वेगळीच दिशा दिसते. १९३५ च्या कायद्यान्वये काढलेल्या या आदेशाने भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीची मानू नये असे ठरविले. बंगाल प्रांतापुरते असेही म्हटले की बौद्ध धर्म किंवा आदिवासी धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. म्हणजे धम्मदीक्षेच्या वीस वर्षे आधीच ‘बौद्ध’ हा शब्द हक्क काढून घेणारी अट म्हणून कायद्याच्या भाषेत आलेला होता.

३. तीन व्याख्यांच्या कचाट्यात

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपतींनी १९५० साली अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे ठरविले. पंजाबकडील काही शीख जातींपुरता अपवाद होता. १९५६ साली या आदेशात दुरुस्ती होऊन सर्व शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधींना दिली.

येथे कायद्याची एक मोठी विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात, हिंदूंच्या धार्मिक संस्था सर्वांना खुल्या करण्याच्या संदर्भात, ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा अंतर्भाव केला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू आहे. म्हणजे देवळाचे दार उघडताना बौद्ध हा हिंदू; लग्न लावताना तो हिंदू; परंतु शिष्यवृत्तीचा, नोकरीचा वा उमेदवारीचा अर्ज भरताना मात्र तो हिंदू नाही. तीन ठिकाणच्या व्याख्यांपैकी जेथे हक्क मिळावयाचा तेथेच त्याला बाहेर ठेवले गेले.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूर भागातील एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांच्याविरुद्ध पंजाबराव नावाच्या अर्जदाराने दावा केला. निवडून आलेली व्यक्ती बौद्ध असल्याने ती राखीव जागेस पात्र नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे होय, असा अर्थ लावला. आदेशातील ‘हिंदू’ हा शब्द संकुचित अर्थानेच घेतला पाहिजे, २५ व्या अनुच्छेदातील व्यापक अर्थ येथे लागू नाही, असेही ठरविले. निवड रद्द झाली. कायद्याच्या शब्दाला धरून निकाल सुसंगत असेल. परंतु त्याचा सामाजिक अर्थ कठोर होता. ज्याने आपली श्रद्धा उघड केली त्याचा हक्क गेला, आणि ज्याने ती झाकून ठेवली त्याचा टिकला.

४. १९६१ चे गणित

आता मूळ आकड्यांकडे वळू. १९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांच्या घरात होती. त्यांत बौद्ध ७.०५ टक्के आणि अनुसूचित जाती ५.६ टक्के. या दोहोंची बेरीज साधारण १२.७ टक्के होते. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी ३३ जागा, म्हणजे १२.५ टक्के जागा, राखीव होत्या. दोन्ही प्रमाणे जवळजवळ सारखीच आहेत. यावरून दिसते ते हे की अनुसूचित जातींच्या यादीतून जे ‘नाहीसे’ झाले, ते बौद्धांच्या रकान्यात जसेच्या तसे सापडतात.

घटनेच्या ३३२ व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या विधानसभेतील राखीव जागांचे प्रमाण हे राज्यातील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणाशी शक्य तितके जुळले पाहिजे. नियम न्याय्य आहे. परंतु त्याला पुरविलेली संख्या बदलली की उत्तर आपोआप बदलते. ५.६ टक्क्यांच्या हिशेबाने २७० जागांच्या विधानसभेत १५ जागा आल्या. बौद्धांना धरून हिशेब केला असता तर त्या ३४ च्या आसपास भरल्या असत्या. लोकसभेतही राज्यातील अनुसूचित जातींच्या जागा ६ वरून ३ झाल्या. पुढे १९७१ च्या जनगणनेवरून विधानसभेच्या जागा २८८ झाल्या, तेव्हाही राखीव जागा १८ च राहिल्या.

या घटीचा फटका केवळ बौद्धांना बसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९६२ पासून फेब्रुवारी १९९० पर्यंत विधानसभेच्या सात निवडणुका झाल्या. या सर्व काळात स्वतःला उघडपणे बौद्ध म्हणविणाऱ्याला राखीव जागेवर उभे राहणे कायद्याने शक्य नव्हते. मातंग, चर्मकार आदी बांधवांना त्या जागा खुल्या होत्या. पण एकूण जागाच कमी झाल्याने विधिमंडळातील दलितांचा एकत्रित आवाज क्षीण झाला. एकाच वस्तीत राहणाऱ्या, एकाच जाचाखाली भरडल्या जाणाऱ्या दोन समाजांत कायद्याने भिंत उभी केली. तिचे सामाजिक परिणाम आपण पुढे दीर्घकाळ अनुभवले.

प्रत्येक गोष्ट राखीव जागांच्या संख्येवर अवलंबून असते, असे मात्र म्हणता येणार नाही. संयुक्त मतदारसंघातून निवडून येणारा राखीव जागेवरचा सभासद आपल्या समाजापेक्षा इतरांच्या मतांवर अधिक अवलंबून असतो, ही बाबासाहेबांची पुणे करारावरील मुख्य टीका होती. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकारिणीने राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला, तो याच अनुभवातून. तथापि एखादा समाज विचारपूर्वक एखादे साधन सोडून देतो ती गोष्ट वेगळी, आणि धर्म बदलल्याचा दंड म्हणून ते त्याच्याकडून काढून घेतले जाते ती गोष्ट वेगळी.

५. मागणीचा प्रदीर्घ प्रवास

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षी, १९६० साली, यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने शिक्षण आणि राज्याच्या सेवा यांतील सवलती धर्मांतरित बौद्धांना लागू केल्या. हा निर्णय महत्त्वाचा होता. त्याच काळापासून ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा जोडशब्द शासकीय कागदपत्रांत रूढ झाला. परंतु केंद्राच्या सेवा आणि विधिमंडळातील जागा यांना तो लागू होऊ शकत नव्हता, कारण ती बाब राष्ट्रपतींच्या आदेशाशी आणि संसदेच्या अधिकाराशी निगडित होती.

रिपब्लिकन पक्षाने १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह याच सनदेसाठी होता. जमिनीची मागणी करणाऱ्या सत्याग्रहींनी जनगणनेतील आपल्या रकान्याचीही मागणी केली, ही गोष्ट त्या चळवळीच्या राजकीय प्रगल्भतेची साक्ष देते.

तरीही संसदेला हे मान्य करण्यास १९९० साल उजाडावे लागले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या शासनाने त्या वर्षी १९५० च्या आदेशात दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर ‘बौद्ध’ हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात आला. पहिल्या धम्मदीक्षेपासून मोजले तर चौतीस वर्षे झाली होती.

परिणाम पुढच्याच जनगणनेत दिसला. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये ७.१ टक्के होते. १९९१ मध्ये ते ११.१ टक्के झाले. १९८१ पर्यंतच्या वाढीतही कायद्याचा वाटा होता : १९७६ च्या दुरुस्तीने राज्यांतर्गत प्रादेशिक मर्यादा उठविल्या गेल्या आणि पूर्वी एका भागातच मान्य असलेल्या जाती राज्यभर मान्य झाल्या. दोन्ही वेळा संख्या वाढली ती कायद्याच्या दुरुस्तीमुळे. जन्मदरात या वाढीचा उलगडा शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागणार नाही.

६. गोठलेली संख्या

येथे कथा संपली असती तर न्याय उशिरा का होईना, झाला असे म्हणता आले असते. परंतु १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागावाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठविले होते. कुटुंबनियोजन यशस्वीपणे राबविणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. आणि तो अयोग्य म्हणता येणार नाही. मात्र त्याची एक अनपेक्षित बाजू होती. १९७१ ची गणना बौद्धांना यादीबाहेर ठेवून झालेली होती. ती गोठली, तेव्हा तो अन्यायही तिच्याबरोबर गोठला.

त्यामुळे १९९० नंतर बौद्ध उमेदवार राखीव जागेस पात्र झाले, पण जागा १८ च राहिल्या. १९९५, १९९९ आणि २००४ या तिन्ही विधानसभा निवडणुका त्याच संख्येवर झाल्या. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ च्या जनगणनेचा आधार मान्य केला. तीत राज्यातील अनुसूचित जाती १०.२ टक्के होत्या. त्या हिशेबाने २००८ च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या आणि लोकसभेच्या ३ वरून ५. २००९ च्या निवडणुका या नव्या रचनेवर झाल्या. १९६७ मध्ये गेलेल्या जागा बऱ्याच अंशी परत येण्यास बेचाळीस वर्षे लागली. एक संपूर्ण पिढी राजकारणात आली, लढली आणि निवृत्त झाली, इतका हा काळ आहे.

७. दोन रकाने, दोन प्रश्न

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार होती. त्यांपैकी सुमारे ५२ लाख बौद्ध अनुसूचित जातींत मोजले गेले. राहिलेले १३ लाख कोठे गेले? या फरकाचे कारण एकच नाही. काही बौद्ध मुळात अनुसूचित जातींतून आलेले नाहीत. परंतु एक कारण आपल्या चिंतनाचा विषय झाले पाहिजे. अनुसूचित जातीत नोंद होण्यासाठी त्या राज्याच्या यादीतील जातीचे नाव सांगावे लागते. ‘बौद्ध’ हे यादीतील जातीचे नाव नाही. जातीच्या प्रश्नाला जो केवळ ‘बौद्ध’ एवढेच उत्तर देतो, त्याची गणना अनुसूचित जातींत होत नाही.

अशा उत्तरामागील भावना आदरणीय आहे. ज्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या अवमान झाला ते नाव पुन्हा उच्चारावयाचे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. उलट बाजूस असेही लोक आहेत, जे घरात वंदना घेतात, विवाह बौद्ध पद्धतीने लावतात, आणि प्रगणक दारी आला की जुन्या सवयीने किंवा जुन्या भीतीने धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहू देतात. ही भीती एकेकाळी निराधार नव्हती. १९९० पूर्वी खरे उत्तर देण्याची किंमत मोजावी लागत होती. ती किंमत आज कायद्याने उरलेली नाही. भीती मात्र उरली आहे. राज्याच्या लोकसंख्येत बौद्धांचे प्रमाण १९६१ मधील ७.०५ टक्क्यांवरून २०११ मध्ये ५.८ टक्क्यांवर आले, त्याचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. शिक्षणाबरोबर जन्मदर घटणे हे प्रगतीचे लक्षण आहे आणि त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. २०११ मध्ये देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१ टक्क्यांहून अधिक होते. परंतु जन्मदराने झालेली घट आणि अर्धसत्य नोंदीने झालेली घट यांत भेद केला पाहिजे.

वास्तविक दोन रकाने दोन वेगळे प्रश्न विचारतात. धर्माचा रकाना विचारतो : आपण काय स्वीकारले? जातीचा रकाना विचारतो : समाजाने आपल्यावर काय लादले? पहिल्याचे उत्तर हा आपला निर्णय आहे. दुसऱ्याचे उत्तर हा इतिहासाचा पुरावा आहे. अन्यायाचा पुरावा नोंदविणे म्हणजे त्या अन्यायाला मान्यता देणे नव्हे. धम्माने जातीचे बंधन मनातून तोडले. परंतु गावाने, बाजाराने आणि कचेरीने ते तोडले आहे काय, हे तपासण्याचे साधन ही गणनाच आहे. १९३२ साली अस्पृश्य उरलेच नाहीत असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी ज्या निर्धाराने विरोध केला, त्याचा अर्थ हाच आहे.

समारोप

लोकसंख्या राजकारण घडविते आणि राजकारण लोकसंख्या घडविते, हे विधान या इतिहासाने दोन्ही अंगांनी सिद्ध होते. लक्षावधींनी रकाना बदलला, म्हणून विधानसभेची रचना बदलली. संसदेने एक शब्द वाढविला, म्हणून जनगणनेचे प्रमाण बदलले. या दोहोंच्या मध्ये होती ती आपली नोंद सत्य करणारी सामान्य माणसे. १९६१ साली ‘बौद्ध’ अशी नोंद करणाऱ्या २७ लाख ९० हजारांपैकी अनेकांना त्यामुळे काय गमवावे लागेल याची कल्पना होती. तरीही त्यांनी ती नोंद केली. मृषावादापासून विरत राहण्याचे शील त्यांनी सरकारी कागदावर पाळले, आणि त्याची राजकीय किंमत चुकविली.

केंद्र शासनाने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा मुख्य संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे, आणि तीत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय झालेला आहे. एकूण जागांवरील गोठवणीची घटनात्मक मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी बांधलेली आहे. म्हणजे या गणनेतील प्रत्येक उत्तराचे वजन पुढील अनेक निवडणुकांवर पडण्याचा संभव आहे. विहारांनी, महिला मंडळांनी आणि सुशिक्षित तरुणांनी घरोघरी जाऊन दोन्ही रकान्यांचा अर्थ समजावून सांगणे, हे येत्या काळातील धम्मकार्यच होय. प्रगणकाच्या प्रश्नाला निर्भयपणे आणि पूर्ण सत्य उत्तर देणे, ही १९५६ व १९६१ च्या त्या पिढीप्रती आपली किमान कृतज्ञता ठरेल.